दाहनुकेचे उतारू

मित्रमंडळींबरोबर डहाणूला निघालेल्या माणसाला आपण प्रवासी म्हणतो, पर्यटक म्हणतो. मला मात्र त्याच्यासाठी 'उतारू' हाच शब्द योग्य वाटतो. हा शब्द आता बोलण्यातून मागे पडत चालला आहे. चर्चगेट-विरारची लोकल २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत आली, आणि सकाळच्या गाडीतून सुट्टीच्या दिवशी घोळक्याने माणसं उतरू लागली. त्यांना उतारू म्हणताना हा शब्द नेमका कुठून उतरला हे बघायला हवं, कारण त्याचा माग काढत गेलं की आपण डहाणूच्याच पाण्याशी येऊन पोचतो.

उतरणे म्हणजे मूळ संस्कृतात उत् अधिक तॄ. तॄ म्हणजे पाणी ओलांडणे, आणि उत् म्हणजे वर. आता गंमत बघा, वर जाणं सांगणारा उपसर्ग लावलेला शब्द आपण खाली येण्यासाठी वापरतो. नावेत बसून पलीकडे गेलेल्या माणसाचं चित्र डोळ्यांसमोर आणलं म्हणजे हे कोडं सुटतं. तो पाण्यातून वर काठावर येतो, आणि त्याच पावलात नावेतून खाली पाय टाकतो. संस्कृताने पहिली हालचाल धरली, मराठीने दुसरी. पण पाणी आपण पूर्ण विसरलो नाही. नदीत पायी चालत जाता येईल इतकंच पाणी राहिलं की 'नदीला उतार आहे' असं आजही खेड्यात म्हणतात. खुर्ची सोडणाऱ्या मंत्र्यासाठी वर्तमानपत्रं वापरतात तो 'पायउतार' शब्दही एकेकाळी अशा पायी ओलांडता येण्याजोग्या नदीसाठी होता. आणि परगावच्या पाहुण्याला आपण विचारतो, 'कुठे उतरलात?' तो पाचव्या मजल्यावर राहिला असला तरी उतरलेलाच असतो. नदी ओलांडली, काठावरच्या धर्मशाळेत पथारी टाकली, हा सगळा प्रवास त्या एका क्रियापदात साठलेला आहे. कोकणातल्या खाड्यांवरची 'तर', म्हणजे माणसं पलीकडे नेणारी नाव, तीही ह्याच धातूची. 'तरीने जाऊ' म्हणणारी पिढी अजून आहे. जेट्टी आणि फेरीबोट हे शब्द नंतर आले.

आता नाशिकच्या पांडवलेण्यांत जाऊ. तिथल्या दहाव्या लेण्यात एक लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने केलेली दानं त्यात सांगितली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली ही गोष्ट. आपण कोणत्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, हे उषवदात त्यात नदीवार सांगतो. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका अशा त्या नद्या. पारादा म्हणजे पारडीजवळची पार, दमण म्हणजे दमणगंगा, तापी तर तापीच, आणि दाहनुका म्हणजे आपल्या डहाणूची नदी, असं अभ्यासकांनी ओळखलं. अशा नावेला लेखात शब्द आहे 'पुण्यतर'. पैसे न घेता, पुण्यासाठी चालवलेली तर. लेख तेवढ्यावर थांबत नाही. ह्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर आपण सभा आणि प्रपा उभारल्या, असं तो पुढे सांगतो. सभा म्हणजे वाटसरूंना एकत्र बसता येईल अशी जागा, आणि प्रपा म्हणजे पाण्याचं ठिकाण. ही प्रपा झिजत झिजत मराठीत 'पोई' झाली आणि पुढे पाणी लावून आपण तिला 'पाणपोई' केलं. शेजारच्या गुजरातीत ती 'परब' म्हणून राहिली.

डहाणू हे नाव कागदावर, किंवा दगडावर म्हणू, पहिल्यांदा दिसतं ते असं. ना कुठली लढाई, ना राजाचा अभिषेक. परगावाहून आलेल्याला पलीकडे जाता यावं, बसायला सावली आणि प्यायला पाणी मिळावं, म्हणून. एखाद्या गावाच्या नावाला ह्याहून चांगली सुरुवात मला ठाऊक नाही.

डहाणूची व्युत्पत्ती विचारली की बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, धेनुग्राम. गाईंचं गाव. ऐकायला ते गोड आहे, आणि उषवदातानेच तीन लाख गाई दान दिल्याचं त्याच लेखात असल्यामुळे ते पटावंसंही वाटतं. पण भाषेच्या चालीत ते बसत नाही. मराठीत ग्रामाचा 'गाव' होतो आणि तो शब्दाच्या शेवटी ठाण मांडून राहतो. धेनुग्रामाचं धेणगाव झालं असतं. सुरुवातीचा 'ध' विरून 'ड' आणि 'ह' का व्हावेत, ह्यालाही काही आधार नाही. उलट दाहनुका घ्या. वालुकेची वाळू होते, त्याच नियमाने शेवटचं 'उका' गळून 'ऊ' उरतो. पानीयाचं पाणी होतं, तसा मधला 'न' 'ण' होतो. दंशाचा डास होतो, तसा सुरुवातीचा 'द' 'ड' होतो. तिन्ही नियम रोजच्या शब्दांतले आहेत आणि तिन्ही लावले की डहाणू जवळपास हातात येतो. गोड गोष्ट सोडावी लागते, पण तिच्या जागी जे मिळतं ते अधिक मोलाचं आहे. गावाला नाव नदीने दिलं.

नदी ओलांडण्याची अशीच आठवण ठेवणारं उट्रेख्त नावाचं जुनं शहर हॉलंडमध्ये आहे. कालव्यांचं शहर. मधून वाहणाऱ्या कालव्याचं नावच मुळी 'जुना कालवा' असं आहे. त्याच्या धक्क्यावरच्या तळघरांत पूर्वी माल साठवत, आता तिथे खाणावळी आहेत आणि मित्रमंडळी पाण्याला लागून जेवायला बसतात. पहिल्या शतकात रोमनांनी ऱ्हाइन नदीच्या उताराशी तिथे ठाणं वसवलं आणि त्याला नाव दिलं त्रायेक्तुम, म्हणजे ओलांडण्याची जागा. मास नदीवरच्या मास्त्रिख्तच्या नावातही तोच शब्द आहे. लॅटिनमधल्या त्या 'त्रा'चं, म्हणजे 'ट्रान्स'चं, मूळ आणि आपल्या तॄचं मूळ एकच. उट्रेख्तचा 'त्रे' आणि डहाणूच्या उतारूतला 'ता' हे अशा रीतीने दूरचे भाऊ निघतात. दोन्ही गावांची नोंद साधारण एकाच काळातली, दोन्ही नदी ओलांडण्याबद्दलची. उट्रेख्तने ती आठवण नावात ठेवली. डहाणूने नाव नदीचं घेतलं आणि ओलांडण्याची आठवण नाशिकच्या डोंगरात ठेवून दिली.

स्टेशनाच्या नावात 'रोड' का आहे, हा प्रश्न नव्या माणसाला पडतोच. रेल्वेची रीत अशी, की गाव रुळांपासून लांब असेल तर ज्या रस्त्याने तिथे जायचं त्याचं नाव स्टेशनाला द्यायचं. जुनं डहाणू खाडीच्या मुखाशी, किल्ल्याच्या आसपास आहे. म्हणून इथली माणसं 'गावात' आणि 'स्टेशनला' असे दोन पत्ते वेगळे ठेवतात. किल्ला पोर्तुगिजांचा, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. खाडीच्या पुलावर उभं राहून ओहोटीच्या वेळी बघावं. मचवे चिखलात कललेले असतात आणि समुद्राकडच्या खडकांवर बायका कालवं फोडत बसलेल्या असतात.

इथे मराठी एक सुरेख घोटाळा करून ठेवते. खडकावरची ती कालवं. सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी डहाणू-पालघरच्या शेतांत नेणारा तो कालवा. मुलांनी आरडाओरडा केला तर तोही कालवा. आणि दुपारी ताटात येतं ते माशाचं कालवण. चौघांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. पाण्याचा कालवा दक्षिणेचा आहे. कन्नडात तो 'कालुवे', तेलुगूत 'कालुव'. पाटबंधाऱ्याची विद्या जिकडून आली तिकडचा शब्द तिच्याबरोबर आला. कालवण मात्र घरचं, भातात कालवायचं ते कालवण. डहाणूत कालवांचं कालवण खाताना चार वेगळ्या वाटांनी आलेले शब्द एका उच्चारात भेटतात, एवढंच म्हणावं आणि गरम आहे तोवर जेवावं.

जेवण शब्दाला तर हे गाव फार जवळचं आहे. संस्कृतातल्या 'जेमति' ह्या क्रियापदापासून तो आला. गुजरातीत त्याचं 'जमवुं' आणि 'जमण' झालं. डहाणूच्या बाजारपेठेत आणि घोलवड-बोर्डीच्या घरांत दोन्ही भाषा सारख्याच कानांवर पडतात. एका घरात 'जेवायला चला' तर शेजारच्या घरात 'जमवा चालो'. गुजराती हाक मराठी माणसाला न शिकता कळते, कारण ती त्याच्याच शब्दाची बहीण आहे. सीमारेषा शाळेच्या नकाशात ठळक दिसते. जेवणाच्या हाकेला ती ऐकू येत नाही.

हिवाळ्यात हे आणखी नीट कळतं. वाडवळांच्या घरी, पालघर-केळव्याकडे, मडक्यात वालपापडी, कोनफळ, वांगी, रताळी भरून ते निखाऱ्यांत ठेवतात, त्याला म्हणतात उकडहंडी. महामार्गाने तलासरी ओलांडून वलसाडकडे गेलं की रस्त्याच्या कडेला तशीच मडकी दिसतात आणि नाव ऐकू येतं 'उंबाडियुं'. रायगडात तेच भांबुर्डीच्या पाल्यात शिजलं की पोपटी. आता हा पदार्थ मूळचा कोणाचा, असा वाद घालणारे भेटतात. मला तो वाद निरर्थक वाटतो. वालाची पापडी भरली, रानातला पाला मिळाला, मडकं आणि जाळ आहे, तर हा पदार्थ होणारच. नाव मात्र ज्याने त्याने आपापलं ठेवलं, आणि तिन्ही नावं जपावीत अशी आहेत.

डहाणूच्या ताटातल्या इतर शब्दांनीही असाच प्रवास केला आहे. पापलेट हा शब्द पोर्तुगिजांच्या 'पाम्पो'शी जोडला जातो, आणि त्याच्याबरोबर खातो तो पाव तर सरळ त्यांचा 'पांव'. इथल्या ताडाची ताडी इंग्रजांनी उचलली आणि तिची 'टॉडी' करून स्कॉटलंडपर्यंत नेली. तिथे थंडीत गरम पाण्यात व्हिस्की आणि साखर घालून घेतात त्या पेयाला अजून तेच नाव आहे.

पण डहाणूत येऊन ज्याबद्दल बोलायलाच हवं ते फळ म्हणजे चिकू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तो घोलवडकडे लागला आणि पारशी-इराणी बागायतदारांनी तो वाढवला. 'डहाणू घोलवड चिकू' ह्या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कच्चा चिकू तोडला की देठातून पांढरा चीक येतो, बोटांना चिकटतो, आणि साहजिकच माणूस म्हणतो, चीक आहे म्हणून चिकू. इतकी सोपी व्युत्पत्ती हाताशी असताना दुसरीकडे कोण बघणार? तरी बघायला हवं. फळ मेक्सिकोकडचं. तिथल्या नाहुआत्ल भाषेत अशा मऊ, गोड फळांना 'त्सापोत्ल' म्हणत. स्पॅनिश लोकांनी त्याचं 'सापोते' केलं. त्यातूनच सॅपोडिला आणि सपोटा आले. ह्या विशिष्ट फळाला मेक्सिकोत 'चिकोसापोते' म्हणतात. त्याचा पुढचा तुकडा तेवढा गलबतांतून फिरला. फिलिपिन्समध्ये तो 'चिको' झाला, आपल्याकडे चिकू. म्हणजे चीक आणि चिकू ह्यांचं नातं नाही. चीक हा चिकट, चिकणमाती, चिकटणे ह्यांच्या घरातला, संस्कृत 'चिक्कण'च्या बाजूचा शब्द.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी ती इतक्या विस्ताराने सांगितली नसती. नाहुआत्लमध्ये ह्या झाडाच्या चिकालाही वेगळा शब्द आहे, 'त्सिक्त्ली'. स्पॅनिशमध्ये त्याचं 'चिक्ले' झालं, आणि तोच चीक आटवून अमेरिकेत चघळायचा गम तयार होऊ लागला. दोन खंडांतल्या, एकमेकींना कधीही न भेटलेल्या भाषांनी झाडाच्या चिकट रसाला इतके सारखे शब्द दिले. हा निव्वळ योगायोग आहे. पण घोलवडच्या वाडीत जाळी लावलेल्या बांबूने चिकू उतरवणाऱ्या माणसाच्या हाताला तो चीक लागतो, तेव्हा त्याच्या तोंडी येणारा मराठी शब्द मेक्सिकोतल्या माणसालाही ओळखीचा वाटेल, ह्याचा मला आनंद होतो.

वाडी हा शब्द आत्ता सहज आला. वाटिका म्हणजे बाग, तिचीच वाडी. डहाणूत वाडी म्हणजे चिकूची बाग, आणि इराण्यांच्या गुजरातीतही ती वाडीच. इथल्या वारली आदिवासींची वस्ती मात्र वाडी नव्हे, पाडा. तो 'पाटक'पासून आला. गावाचा भाग, तुकडा. बंगालीतला पाडाही तोच. दोन शब्दांत इथला सगळा इतिहास आहे. वाडी असणारे आणि पाड्यात राहणारे वेगळे, आणि पाड्यातली माणसं वाडीत कामाला.

ह्या वाडीला एक नवा अर्थ ह्याच तालुक्यात मिळाला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यातली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्याच्या अंगणात नेली आणि तिला म्हटलं 'अंगणवाडी'. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली ती 'कुरणशाळा'. कुरणशाळा हा शब्द पुढे फारसा चालला नाही, ह्याची मला हळहळ वाटते. इतका अचूक शब्द क्वचित जमतो. अंगणवाडीचं मात्र भाग्य उजळलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि हे नाव देशभर गेलं. मणिपुरात, केरळात, पंजाबात सरकारी पाटीवर तो शब्द दिसतो, तेव्हा बोर्डीचं एक अंगण तिथे पोचलेलं असतं.

ज्यांच्याबरोबर डहाणूला यायचं त्या मित्रांसाठीही आपल्याकडे शब्द कमी नाहीत. दोस्त फारसीतून आला. त्याचं जुनं इराणी रूप 'दौश्तर' आणि संस्कृतातलं 'जोष्टृ' हे सख्खे, प्रीती करणारा अशा अर्थाचे. डहाणूच्या इराणी घरात हा शब्द शोभून दिसतो. पारशांचं संजाण गाव पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी ज्या बहरोटच्या गुहांत बारा वर्षं सांभाळला असं परंपरा सांगते, त्या गुहा इथून जवळच, अस्वालीच्या डोंगरात आहेत. त्या अग्नीचा फारसी शब्द 'आतश'. दिवाळीला आपण आतषबाजी म्हणतो त्यात तोच आहे.

आणि एक शब्द आहे गडी. खेळातला सोबती तो गडी, खेळगडी, सवंगडी. घरी काम करणारा नोकर, तोही गडीच. बरोबरीचा माणूस आणि ताब्यातला माणूस, दोघांना एकच शब्द. तलासरीकडे गेलं की ह्या शब्दाचं तिसरं, फार कठोर रूप समोर येतं, 'लग्नगडी'. पूर्वी लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं. ते फिटत नसत. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या १९७० च्या पुस्तकाने हा शब्द मराठी वाचकाला दाखवला.

लग्नगडीच्या जोडीला होती वेठबिगार. ह्या शब्दात एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. बिगार फारसी, वेठ संस्कृत 'विष्टि'पासून, आणि दोन्हींचा अर्थ मोबदला न देता करून घेतलेलं काम. राज्यकर्ते बदलले, भाषा बदलली, पण काम तेच राहिलं, म्हणून जुन्या शब्दाला नवा शब्द नुसता चिकटत गेला. विष्टि किती जुनी? इसवी सन १५० च्या सुमाराचा क्षत्रप रुद्रदामनाचा लेख जुनागडला आहे. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण प्रजेकडून कर आणि विष्टि न घेता बांधून काढला, असं तो अभिमानाने सांगतो. उषवदाताच्या पुण्यतरीचाच हा काळ, आणि रुद्रदामनही क्षत्रपच. विष्टि न घेणं ही लेखात कोरण्याजोगी गोष्ट होती, ह्याचा अर्थ ती घेणं हा रिवाज होता. मे १९४५ मध्ये झरी गावात, आज तलासरी तालुक्यात असलेल्या, वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेबरोबर त्यांनी ठरवलं, की ह्यापुढे वेठ नाही, लग्नगडी नाही. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी वारली मारले गेले. रुद्रदामनाच्या लेखापासून मोजलं तर शब्द अठराशे वर्षं चालत आला होता. तो थांबवणाऱ्यांना ना लिहिता येत होतं, ना कोणी त्यांचा लेख दगडावर कोरला.

वारल्यांच्या लग्नातला दुसरा एक शब्द मात्र संपता कामा नये. लग्न लावणारी बाई असते, धवलेरी. भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी येते, आणि धवलेरी गाणी म्हणते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांच्यामुळे वारली चित्रं जगभर गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण त्या चौकाबरोबरचं गाणं मागेच राहिलं. धवलेरीतला 'धवल' हा लग्नात गायच्या मंगल गीतांचा जुना प्रकार. मराठीत त्याचे 'धवळे' झाले, आणि तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रचले ते धवळेच. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो, तिचे धवळे विद्यापीठात शिकवतो, आणि तळटिपेत लिहितो की धवळे म्हणजे विवाहप्रसंगीची गीते. त्या तळटिपेत 'असत' असा भूतकाळ येतो. तो खोडून तिथे तलासरीच्या पाड्यातल्या धवलेरीचा उल्लेख करायला हवा, आणि मराठी शब्दकोशात 'धवळे' ह्या नोंदीखाली तिचं नाव यायला हवं.